फोगाचा बहर

फाल्गुनातली सकाळ. थरच्या वाळवंटात ऊन अजून कोवळं, ओल्या हळदीच्या रंगाचं. वाऱ्यानं कोरलेल्या वाळूच्या टेकड्या तरंगांकित, निःस्पंद, रात्रीचा गारवा पोटाशी धरून पहुडलेल्या. खेजडीच्या झाडांना पिवळसर तुरे आले होते. केर नावाच्या झुडपाच्या निष्पर्ण, कंटकमय जाळीवर विटकरी फुलं पेटली होती. आणि उतारावर ठायी ठायी फोगाची झुडपं. धूसर, कृश, तपस्विनीसारखी, आणि तरीही अंगभर गुलाबी-पांढऱ्या कळ्यांनी लगडलेली.

हा बहर थोडेच दिवस टिकतो. ऊन तापलं, झळा सुटल्या, की कळ्या वाळूत मिसळून वाळूच होतात. म्हणून वस्तीतल्या बाया उजाडताच टोपल्या घेऊन निघतात. कळ्या झटकायच्या, निवडायच्या, उकडायच्या, दह्यात कालवायच्या. वाळवंटाच्या घरचं हे वर्षाचं पक्वान्न.

त्या सकाळी गवरा निघाली. तिच्या मागून, बरंच अंतर राखून, हंजा निघाली.

दोघी सख्ख्या जावा. गवरा थोरली, चार लेकरांची आई. हंजा धाकटी, निपुत्रिक. गवराचं शेंडेफळ, धुडी, हंजाच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. गेल्या उन्हाळ्यात धुडी तापानं फणफणली. काकीच्याच कुशीत निजेन म्हणाली, आईचा हात तिनं झिडकारला. त्या एका क्षणाच्या दाहात गवरा बोलून गेली, "एवढं लेकरू हवं असेल, तर स्वतःचं जन."

दुसऱ्या दिवशी हंजानं दोन झोपड्यांच्या मध्ये बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

मग उन्हाळा गेला, थोडका पाऊस येऊन गेला, हिवाळा गेला. कुंपणाच्या अलीकडे ताक घुसळलं जाई, पलीकडे बाजरी दळली जाई. अलीकडे बकऱ्या सुटत, पलीकडे बकऱ्या सुटत. दोन चुलींचे दोन धूर वर जाऊन आकाशात एक होत. खाली दोघी एकमेकींकडे पाठ करून भाकरी थापत.

आता टेकडीच्या एका अंगाला गवरा कळ्या झटकत होती, दुसऱ्या अंगाला हंजा. गवराची लाल ओढणी, हंजाची पिवळी ओढणी. धूसर विस्तारात दोनच रंग, एकमेकांना टाळत हिंडणारे. मधमाश्यांचा मंद्र, अखंड गुंजारव तेवढा दोघींच्या मध्ये भरून राहिला होता.

आणि गवरा किंचाळली. केराचा वाळका काटा चप्पल भेदून तळव्यात खोल रुतला होता. ती मट्कन खाली बसली, टोपली कलंडली, आणि तोंडून आपसूक हाक आली, "हंजा!"

हंजा थबकली. मग आपली टोपली खाली ठेवून उतारावरून आली. वाळूत बसली. जावेचा पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला.

गवरानं पाय आखडला. "पाय नको धरूस. धरायचे तर मी तुझे धरायला हवेत."

"हलू नका, जिजी. मोडला तर आत राहील."

ओढणीला टाचलेली सुई काढून हंजा काटा उकरू लागली. गवरानं दात आवळले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते सगळंच काट्याचं नव्हतं.

"त्या दिवशी माझी जीभ झडायला हवी होती," ती म्हणाली.

"मग आज हाक कशी मारली असती?"

काटा निघाला. रक्ताचा थेंब वाळूनं पिऊन टाकला. हंजानं जखमेवर अंगठा दाबून धरला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "तो शब्द मी विसरले नाही, जिजी. विसरता येईल असं वाटत नाही."

"विसर असं मी म्हणणार नाही."

वारा आला. फोगाच्या फांद्या हलल्या, कळ्या दोघींच्या केसांत, मांडीवर, उघड्या तळव्यावर झिरमिरल्या.

"धुडी..." हंजाचा स्वर चाचरला. "रात्री अजून दचकून उठते का ती?"

"उठते. तुझं नाव घेते. मी तिला गप्प करते." गवरानं डोळे पुसले. "आता करणार नाही."

सांडलेल्या कळ्या दोघींनी मिळून वेचल्या, फुंकून वाळू उडवली. हंजाच्या खांद्यावर भार देत गवरा लंगडत टेकडी उतरली.

कुंपण त्या दिवशी हललं नाही. पण तिन्हीसांजेला हंजा त्याला वळसा घालून आली. हातात पितळी वाडगं, वाडग्यात रायतं. दाट दही, वर जिऱ्याची फोडणी. धुडी दारात उभी होती. क्षणभर परक्यासारखी पाहत राहिली. मग धावली.

काकीच्या मांडीवर बसून तिनं वाडगं चाटूनपुसून रिकामं केलं, आणि बोलता बोलता, अर्ध्या शब्दावरच झोपली. गवरानं तिला उचलून न्यायला हात पुढे केले, आणि मागे घेतले.

पश्चिमेचं केशर विझत गेलं, वाळू निळी झाली. हंजा निश्चल बसली होती. आणि धुडीच्या वरच्या ओठावर दह्याची पांढरी, नाजूक कोर, श्वासागणिक हलणारी, हळूहळू वाळत होती.