बाराचं कुलूप

कारखान्यात सगळे तिला बॉबिन म्हणायचे. शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या चकतीसारखी अंगाने एवढीशी, आणि सकाळी एकदा फिरायला लागली की संध्याकाळपर्यंत थांबायचं नाव नाही, म्हणून. गणवेश शिवायचा कारखाना होता, आणि कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

एक ते दोन जेवणाची सुट्टी. तेवढ्यात ती घरी पळायची, आईला चाकाच्या खुर्चीत बसवायची आणि समोरच्या बागेत न्यायची. वर्षापूर्वी आईची उजवी बाजू गेली होती. बोलणंही गेलं होतं, एखादा शब्द मोठ्या मिनतवारीने फुटायचा. बागेतल्या तळ्याभोवती कमरेएवढा लोखंडी कठडा होता. डाव्या हाताने तो धरून आई चालायची. सुरुवातीला चार पावलं, मग दहा, आता सत्तावीस. घरात धरायला होतं काय? पलंग आणि कपाट, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम दीड पाऊल.

एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं आणि शेजारी नवी कोरी पाटी. उद्यान दुपारी बारा ते पाच बंद. उद्यानात मद्यपानास सक्त मनाई.

“हे काय नवीन?” तिने रखवालदाराला विचारलं.

“वरून आदेश आलाय, ताई. दुपारची पिणारी मंडळी येऊन बसतात. झुडपात बाटल्या सापडतात. लोकांनी तक्रारी केल्या.”

“मग त्यांना हाकला. माझी आई चमच्याने पाणी पिते!”

रखवालदाराने पाटीकडे बोट दाखवलं. तिने खुर्ची मागे वळवली. त्या पिणाऱ्या मंडळींतला एक तिचा सख्खा भाऊ होता. एके काळचा नावाजलेला रंगारी. हात थरथरायला लागल्यापासून त्याला कुणी परांचीवर चढू देत नव्हतं. घरीही तो आठवड्यातून दोनदा उगवायचा, आई झोपलेली बघून.

बॉबिनने कारखान्यातून दोन तासांची रजा काढून उद्यान विभागाचं कार्यालय गाठलं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला न वाचला.

“सकाळी आणा ना आईंना.”

“आठला माझं मशीन सुरू होतं.”

“मग संध्याकाळी.”

“सातला सुटते. साडेसातला तुम्ही बाग बंद करता.”

“नियम सगळ्यांना सारखा असतो, बाई,” असं म्हणत त्यांनी अर्जावर शिक्का मारला. अर्ज कुठल्याशा फायलीत गडप झाला.

आता फक्त रविवार उरला. तिसऱ्या रविवारी आई कठड्याशी उभी राहिली आणि अकरा पावलांत तिचे गुडघे लटपटले. खुर्चीत बसल्यावर तिने लेकीकडे पाहिलंच नाही. त्या रात्री बॉबिनचा डोळा लागला नाही. सकाळी ती तडक कारखान्याच्या मास्तरांपुढे उभी राहिली. “मास्तर, आजपासून माझी सुट्टी साडेअकराला.” विचारायच्या सुरात नाही, सांगायच्या सुरात. मास्तरांनी मान डोलावली.

पावणेबाराला मायलेकी बागेत होत्या. बाराला शिट्टी झाली. लोक उठले. बॉबिन ढिम्म.

“ताई, चला बाहेर.”

“आम्ही नाही येत.”

“मला कुलूप लावावं लागेल हो.”

“लावा. साहेबांनाही कळवा. तुमच्या नोकरीवर गदा यायला नको. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते.”

रखवालदाराने दोनदा विनवलं, मग खरंच कुलूप घातलं आणि फोन लावला.

आत सगळं सामसूम. आईने कठडा धरला होता. सातवं पाऊल, आठवं. इतक्यात मागच्या भिंतीकडे धप्पकन आवाज झाला. झुडपातून कपडे झटकत एक माणूस बाहेर आला, काखेत कापडी पिशवी. पाहतो तर समोर आई आणि बहीण.

“तू? तू इथे कशी?” दादाची बोबडी वळली.

“फाटकातून आले. तू कसा आलास?”

त्याने भिंतीकडे पाहिलं, मग पायांकडे.

“रोज असाच येतोस?”

“कुलूप लागल्यापासून जास्तच निवांत असतं इथे,” तो पुटपुटला. बॉबिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार होती, तेवढ्यात आईने कठडा सोडला आणि डावा हात मुलाकडे केला.

“धर.”

किती दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला होता. दादाने पिशवी गवतात टाकली आणि धावत तिला धरलं.

तेवढ्यात कुलूप निघालं. उद्यानाचे साहेब तरातरा आत आले, मागे रखवालदार.

“बाई, हा काय तमाशा? नियम कुणासाठी केलाय कळत नाही का तुम्हाला?”

“कळतंय. पण तो नेमका कुणाला लागला ते तुम्हाला कळत नाही.”

“दारुड्यांचा सुळसुळाट झाला होता इथे!”

“साहेब,” दादा म्हणाला. आईला त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. “तो दारुडा मी. ती पिशवी माझी, तिच्यात बाटली आहे. मी भिंतीवरून येतो, रोज. तुमच्या कुलपाने मला एक दिवसही अडवलं नाही. आईला अडवलं. भिंत ती कशी चढणार?”

साहेबांनी पिशवीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. लाल झाले. “पोलिसांना बोलवा,” एवढंच म्हणाले.

“बोलवा,” बॉबिन म्हणाली. “बाटलीसाठी याला न्या, माझी हरकत नाही. मी मात्र उद्या पुन्हा पावणेबाराला येणार.”

दादाला संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. आणि बॉबिन दुसऱ्या दिवशी आईला घेऊन खरोखरच आली. या वेळी कारखान्यातल्या सहाजणी, आपलीही सुट्टी साडेअकराला मागून घेऊन, डब्यांसकट सोबत होत्या. शिट्टी झाली, कुणी उठलं नाही. रखवालदाराने कुलूप लावलं आणि फाटकाला पाठ करून मनसोक्त हसून घेतलं. सव्वाबाराला तोच कुलूप काढून त्यांना कामावर सोडायचा. हे आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी पाटी बदलली. बाग दिवसभर उघडी. मद्यपानाची मनाई होती तशीच राहिली, आणि दुपारी मागच्या भिंतीलगत फेऱ्या मारायला आणखी एक माणूस नेमला गेला.

दादाची दारू काही सुटली नाही. कधी तो शुद्धीत यायचा आणि आईला धरून चालवायचा. कधी तोंडाला वास असायचा. मग बॉबिन त्याला फाटकावरच अडवायची. “आज नाही. उद्या नीट ये.” तो निमूट बाहेरच्या पदपथावर बसून राहायचा.

अशाच एका दुपारी तक्रार करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ तिथे थबकले. पदपथाकडे बोट दाखवत म्हणाले, “तुमचाच भाऊ ना तो?”

“हो, माझाच,” बॉबिन म्हणाली. “जरा बाजूला होता का? खुर्ची आत न्यायची आहे.”