काळं मेंढरू

"मॅडम, काळं मेंढरू वाईट कसं ओ?" केराबाईंनी विचारलं आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला माझा रविवारचा अख्खा वर्ग हसला. खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी मीच हसले.

फळ्यावर 'ब्लॅक शीप' हा वाक्प्रचार होता. गाइडमधला अर्थ सरळ : घराण्याला बट्टा लावणारा माणूस. केराबाईंनी मात्र ऐटीत वाक्य लिहून आणलं होतं, 'माय मदर इज द ब्लॅक शीप ऑफ अवर फॅमिली.' तेही आईचं कौतुक म्हणून!

केराबाई त्रेचाळीस वर्षांच्या, एका दवाखान्यात आया. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. दहावी पास झाल्या तर नोकरी कायम, नाहीतर जूनमध्ये घरी. बाकीचे विषय सुटले होते. इंग्रजीने दोनदा तोंडावर पाडलं होतं आणि आता ही शेवटची संधी होती.

"अवो, काळ्या लोकरीला रंग द्यावा लागत न्हाय की," त्या सांगू लागल्या. "दुसरा रंग चढतच न्हाय तिच्यावर. म्हनून तर घोंगडं लई टिकतंय. आमचा बा, आण्णा, काळ्या मेंढराला आदी पाणी पाजायचा. पांढऱ्याला कोण इचारतंय?"

"परीक्षेत आण्णा नसतात, केराबाई. गाइडमधलं वाक्य पाठ करा," मी तोडून टाकलं. वय माझं चोवीस, पण तोंड हेडमास्तरणीचं.

त्यांनी शंभर वेळा लिहून आणलं, 'रमेश इज द ब्लॅक शीप ऑफ हिज फॅमिली.' वही देताना हळूच म्हणाल्या, "मॅडम, ह्या अर्थानं बगितलं तर मीच की ओ. नवऱ्याचा मार सोसंना म्हनून सोलापूरला आले. माजा भाऊ बाळासो वीस वर्सं बोलला न्हाय. तू घराचं नाक कापलंस, म्हनतो."

मी वहीवर सही केली आणि परत दिली.

तोंडी परीक्षा केंद्रावरच्या गुरुसिद्धप्पा सरांकडे होती. मी मुलांना आणि केराबाईंना घेऊन गेले होते, दाराशीच उभी राहिले. सरांनी नेमकं तेच विचारलं. केराबाईंनी अर्थ घडाघडा सांगितला. "नाऊ, युअर ओन सेंटेन्स," सर म्हणाले आणि केराबाई अडकल्या. शंभर वेळा लिहिलेला रमेश काही केल्या येईना.

मग त्यांनी पदर सारखा केला.

"सर, आय ॲम द ब्लॅक शीप ऑफ माय फॅमिली. माय ब्रदर नॉट टॉकिंग, ट्वेंटी इयर्स. बट सर, ब्लॅक वुल टेक नो अदर कलर. आय ऑल्सो."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हू टॉट यू धिस?"

"माय फादर, सर."

मला माझी लाज वाटली आणि त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. सरांनी वीसपैकी एकोणीस दिले. तो एक मार्क का कापला, हे मी त्यांना अजून विचारते.

मे महिन्यात निकाल लागला. इंग्रजीत एकावन्न! केराबाईंना न विचारताच मी त्यांच्या माहेरी वाडीवर फोन करून बाळासोंना कळवलं. पलीकडून "बरं" एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेढे घेऊन दवाखान्यात गेले, तर वॉर्डच्या दारात फेटा बांधलेले एक गृहस्थ उभे. हातात काळी घोंगडी. केराबाई जागच्या जागी थिजल्या.

"केरा," ते म्हणाले, "आण्णाची हाय. म्या सांभाळली व्हती. पर तुजी हाय."

त्यांनी घोंगडी उलगडली आणि बहिणीच्या खांद्यावर टाकली. वाडीत सत्कार असाच करतात. पण आजवर तो फक्त पुरुषांचाच झाला होता.

बाहेर पारा त्रेचाळीसवर होता. सिस्टर म्हणाल्या, "अहो, काढून ठेवा ती, चक्कर येईल."

"ऱ्हाऊ द्या सिस्टर," केराबाई म्हणाल्या, "मला उकडत न्हाय." घोंगडीच्या टोकाने कपाळावरचा घाम पुसून त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला आणि पहिल्या खाटेपासून वाटायला सुरुवात केली.