पाच नंबरचं नाव

सिंधुबाईला शाळा तिसरीपर्यंतच मिळाली होती, पण पंचवटीच्या भाजीबाजारात तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. तरी ब्याऐंशी साली सून लता जेव्हा म्हणाली, की माझ्या एम.ए.च्या कामात एक वाचणारं माणूस कमी पडतंय, तेव्हा सिंधुबाईने चष्मा पुसून पदराने घामही पुसला. लताची मैत्रीण ऐनवेळी बाळंतपणाला गेली होती, आणि सर म्हणाले होते, दुसरा वाचणारा विषय न शिकलेला असेल तर उलट बरंच.

"मग ह्यात माझ्याएवढं कोण बसतंय?" सिंधुबाई म्हणाली.

काम असं होतं. सासुरवाशिणींनी माहेरी धाडलेली पत्रं लताने ओळखीपाळखीने गोळा केली होती. नावगाव गाळून एकेका पत्रातला मजकूर कार्डावर उतरवला होता. अशी शंभर कार्डं. कार्ड वाचायचं आणि त्याला एकच नंबर द्यायचा. खुशाली असली तर एक, सासरचं कौतुक असलं तर दोन, गाऱ्हाणं असलं तर तीन, काही मागितलं असलं तर चार. कशातच न बसणारं नऊ. लताने आपले नंबर आधीच वहीत लिहून ठेवले होते. दोघींचे शंभरात ऐंशी जुळले तर सर पुढे जाऊ देणार, नाहीतर नंबरांची यादीच नव्याने मांडायची. सोमवारी दाखवायचं होतं.

"पाच, सहा, सात, आठ कुठं गेले?"

लता म्हणाली, मोकळे ठेवलेत, मधेच काही निराळं निघालं तर असावेत. न बोलावलेल्या पाहुण्यांचे पाट मांडून ठेवायची ही रीत सिंधुबाईला काही कळली नाही.

सरावाला वेगळी वीस कार्डं घेतली, त्यातली बारा जुळलीच नाहीत. 'माझी मुळीच काळजी करू नये' ह्याला लताचा एक होता, सिंधुबाईचा तीन. लताने कारण विचारलं तर म्हणाली, पोरगी असं लिहिती तेव्हाच आईनं एस्टी धरायची असती. लता हसली, पण मग तिने कागदाच्या माथ्यावर दोन नियम लिहिले. लिहिलंय तेवढंच धरायचं, मनातलं धरायचं नाही. आणि नंबर देताना एकमेकींना विचारायचं नाही. मनातलं धरायचं नाही तर पत्र वाचायचंच कशाला, असं सिंधुबाई पुटपुटली, पण नियम तो नियम.

शनिवारी दुपारी ती एकटी कार्डं घेऊन बसली. एका पोरीने लिहिलं होतं, 'मामंजींनी माझ्या नावाने गाय घेतली.' सिंधुबाईने तीन लिहिला. गाय हिच्या नावाची म्हणजे शेणही हिच्याच नावाचं. मग नियम आठवला, तीन खोडून दोन केला. दुसरीच्या नवऱ्याने रेडिओ आणला होता आणि तो दिवसभर मोठ्याने लावत होता. हे काय म्हणायचं? डोकं नुसतं घुसळून निघालं. शिकल्या-सवरल्या लोकांना एवढं साधं कळू नये, की बाईचं एक वाक्य एका खुंटीला टांगता येत नाही?

शेवटचं कार्ड आलं. 'इथे सगळं ठीक आहे. सासूबाई मला भाकरी करू देत नाहीत. माझ्या हातची त्यांना चालत नाही. त्यामुळे अभ्यासाला वेळ मिळतो.'

सिंधुबाईने बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. अभ्यास करणारी सून, आणि तिच्या भाकरीला नावं ठेवणारी सासू. असं घर शोधायला तिला उंबरा ओलांडायची गरज नव्हती. शंभर भरत नव्हते म्हणून पोरीने आपलंच पत्र घुसडलं होतं, आणि वाटलं असेल, नाव गाळलं की म्हातारीला कळत नाही.

लताची भाकरी कडेला चिरायची, हे खरं. अभ्यास करू दे म्हणून मीच तिला चुलीपाशी येऊ देत नाही, असं सिंधुबाई शेजारी सांगायची, तेही खरं. ह्यातलं आधीचं कोणतं, ते आज तिलाच आठवेना. वरून वाचलं की गाऱ्हाणं, खालून वाचलं की कौतुक. लता स्वयंपाकघरात भांडी लावत होती. हाक मारली असती तर पुढ्यात आली असती. पण विचारायचं नव्हतं.

दोन लिहावा तर आपल्याच हाताने आपली आरती ओवाळल्यासारखं. सिंधुबाईने तीन लिहिला आणि पेन्सिल आपटली.

संध्याकाळी लता ताडून बघायला बसली. नव्व्याण्णव कार्डांत एकोणऐंशी जुळली. मग तिने शेवटचं कार्ड उलटलं.

"तुमचा तीन आहे, आत्याबाई."

"अन् तुझा?"

"दोन."

मग सिंधुबाई म्हणाली, खोडरबर दे, मी दोन करते. लताने मान हलवली. बघून बदललं तर ते जुळणं नव्हे.

एका नंबरासाठी पोरीचं काम अडलं, ह्याचं सिंधुबाईला वाईट वाटायला हवं होतं. पण 'दोन' ऐकल्यापासून तिला आतून हलकं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती. तेवढ्यात दुसराच किडा वळवळला. दोन म्हणजे लिहिलंय तेवढं. मनातलं धरायचंच नाही, असा हिचाच नियम. मग हिच्या मनातला नंबर कोणता?

लता न जुळलेली कार्डं चाळत होती. म्हणाली, चूक तुमची नाही, यादीची आहे. गाय, रेडिओ, भाकरी, हे ना दोनात बसतं ना तिनात. पाच नंबर उघडावा लागेल. मग शंभरही पुन्हा पहिल्यापासून, आणि हातात फक्त उद्याचा दिवस.

"नाव काय पाचाचं?"

लताने पेन्सिल दातात धरली. कागदावर पाच लिहिला, पुढे रेघ ओढली, रेघेवर काही लिहिलं नाही.

सिंधुबाई उठली. पिठाचा डबा हलवून बघितला आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्याच्या भाकरी तू टाक."

माया होती की टोमणा, लताला समजेना. सिंधुबाईलाही नीटसं समजलं नव्हतं.

"आणि अभ्यास, आत्याबाई?"

"तवर तो मी करते. कार्डं आण इकडं."