पुट डाउन

"पुट हर डाउन," डॉक्टर मॅनेजरला म्हणाला आणि हातमोजे काढू लागला. "दुपारी येतो."

मोतद्दार घोडीचं डोकं धरून उभा होता. पुट म्हणजे ठेवणे, डाउन म्हणजे खाली. एवढं इंग्रजी त्याला येत होतं. म्हणजे तिला आडवं करायचं असणार. सकाळी ओल्या फरशीवर घसरल्यापासून ती तीन पायांवरच उभी होती. या रायडिंग स्कूलमधली कितीतरी मुलं तिच्या पाठीवर बसून शिकली होती. तो तिला म्हातारी म्हणायचा आणि त्याचा आवाज ऐकला की ती कान टवकारायची.

त्याने तबेल्यात जाड गवत अंथरलं. पण जिवाला स्वस्थता नव्हती. डॉक्टरने पट्टी बांधली नव्हती, औषध सांगितलं नव्हतं. आणि मॅनेजर त्याची नजर चुकवत होता.

न राहवून त्याने घरी फोन लावला. मुलगी परीक्षेसाठी इंग्रजी घोकत होती.

"पुट डाउन म्हणजे काय गं?"

"कशाबरोबर येतं त्यावर आहे, बाबा. भारी चक्रम क्रियापद आहे हे. पुट ऑन म्हणजे घालणं, पुट आउट विझवणं, पुट ऑफ पुढे ढकलणं. पुट डाउन... फोन असला तर खाली ठेवणं, नाव असलं तर लिहून घेणं."

"आणि जनावर असलं तर?"



"बाबा, कोण म्हणालं असं?"

"सांग ना."

"म्हणजे इंजेक्शन देऊन संपवणं. त्याचे हाल होऊ नयेत म्हणून."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याने घोडीपुढे पाणी धरलं. ती दोन घोट प्यायली. तेवढ्यानेही त्याला धीर आला. सूजही जरा उतरल्यासारखी वाटली. तरी रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तो दाराशी जाऊन पाहत होता.

डॉक्टर आला तेव्हा तो तबेल्याच्या दारात आडवा उभा राहिला.

"सर, डाउन नको," तो म्हणाला. "पुट ऑफ. पुट ऑफ करा."

मॅनेजरला हसू आलं. डॉक्टर हसला नाही. त्याने बॅग खाली ठेवली.

"पुढे ढकलता येईल, काका. उद्या करू, परवा करू. पण हाडाचा चुरा झालाय, ते सांधणार नाही. तोवर दुखणं तिलाच सोसावं लागेल."

मोतद्दाराने मागे वळून पाहिलं. घोडीची मान घामाने भिजली होती, ओठ थरथरत होते. गवत अंथरलं होतं तिथवर तिला एक पाऊलही टाकता आलं नव्हतं.

तो दारातून बाजूला झाला.

"दोरी मी धरतो," तो म्हणाला.

पहिल्या इंजेक्शननंतर तिचं डोकं त्याच्या खांद्यावर जड होत गेलं. तो तिच्या कानाशी काहीबाही बोलत राहिला. जवळ उभ्या असलेल्या मॅनेजरलाही त्यातलं अक्षर कळलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा मुलगी फाटकाशी उभी होती. तिला धाप लागली होती.

"घरी चला, बाबा."

"बाकीच्यांना पाणी द्यायचं राहिलंय," तो म्हणाला आणि त्याने नळ सोडला.

तिने बाह्या वर सारल्या आणि दुसरी बादली उचलली.