हातोडी खाल्लेलं भिंग

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर चष्मेबाबाने एक भिंग पाटावर ठेवलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि हातोडी हाणली. ठप्प! भिंग जसंच्या तसं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"ही साधी काच नव्हे, लेकरांनो! हिला मी मंत्र पाजलाय! पोर पडो, चेंडू लागो, डोळ्याला ओरखडा नाही!"

मंत्र पाजलाय म्हणे! काचेला तहान कधी लागली, ते कुणी विचारलं नाही.

धाकटी जाऊ पहिल्या रांगेत धुमसत होती. थोरलीने नुकताच आपल्या गोट्याला हा सिद्ध चष्मा घेतला होता आणि घरात दुसरा विषयच उरला नव्हता. सासूबाईसुद्धा त्याचंच कौतुक करायच्या. धाकटीच्या लेकीचा चष्मा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला, प्लास्टिकच्या भिंगांचा. "प्लास्टिकचा होय? असू दे हो," असं थोरली सगळ्यांदेखत म्हणाली होती आणि ते धाकटीच्या जिव्हारी लागलं होतं. आज थोरलीपेक्षा वरचढ चष्मा नेल्याशिवाय ती हलणार नव्हती.

ती ताडकन उठली. "बाबा, मला तेच भिंग द्या. हातोडी खाल्लेलं!"

बाबा चपापला. "माई, ते पूजेचं. विकायच्या पेटीतलं घे. शक्ती तीच."

"पेटीतलं माझ्या जावेकडे आहे. मला तिच्याहून भारी पाहिजे!"

लोक खो खो हसले. शेजारी बसलेली थोरली शरमेने लाल झाली. "अगं, बस की खाली! शोभतं का हे?"

धाकटी ऐकते कुठली! सरळ मंचावर चढून तिने भिंग उचललं. हलकं, अगदी लेकीच्या चष्म्यासारखं. नखाने टिचकी मारली, तर आवाज बसका. मग पेटीतलं एक उचललं. ते जड, गार, आणि टिचकी मारताच टणकन वाजलं.

"अहो, हे तर प्लास्टिक! ठोकून दाखवता प्लास्टिक आणि विकता काच?"

"पापिणी, अश्रद्धेने हात लावलास..."

"मग मारा पेटीतल्यावर हातोडी!"

बाबा घाईघाईने पेटी मिटू लागला. तिने ते भिंग रुमालात गुंडाळलं आणि स्वतःच हातोडी हाणली. रुमाल उघडला तर आत सुईसारख्या कपच्या.

जिरली एकदाची थोरलीची! धाकटीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात थोरली किंचाळली, "गोट्या बाहेर चेंडू खेळतोय गं!"

मग कसला हेवा आणि कसलं काय! धाकटीच आधी धावली. अंगणात घुसून तिने पोराच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मी काय केलं, काकू?"

"काही नाही रे राजा."

थोरली तिच्या गळ्यात पडून रडली. बाबा मागच्या दाराने पसार झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समजावलं, "त्या चिवट प्लास्टिकला पॉलिकार्बोनेट म्हणतात. ते मार सोसतं, सहसा कपच्या उडत नाहीत. त्यात मंत्र नाही." गोट्यालाही तसलाच चष्मा आला.

तेव्हा बाबांनो, मुलांचा नंबर डॉक्टरांकडूनच काढा. भिंग कशाचं आहे, ते दुकानात विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर ज्या वस्तूवर दाखवला तीच हातात मागा. लोक हसतील, हसू द्या. चष्मा दुसरा मिळतो, डोळा मिळत नाही.