पहिला थेंब

मित्रांनो, मी एक जुना नॅनोसेन्सर आहे. हसू नका! जुना म्हणतोय खरा, पण माझी नोकरी झाली उणीपुरी दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांची धडधड मात्र अजून गेलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्याच्या बंद खोलीत झाला. तिथं धुळीचा कणसुद्धा चालत नसे. नखाएवढ्या काचेवर केसाहून हजारपट बारीक तारा बसवल्या आणि त्यांवर जंतूंना धरणारे चिमुकले आकडे लावले. रक्तातला जंतू आकड्यात अडकला की यंत्रावर लाल दिवा लागणार, नाहीतर हिरवा. कौतुक तर काय झालं माझं! "तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत करतो हा," म्हणाले. आणि मग एका छोट्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये पाच महिने पडून राहिलो.

एका दुपारी माझं पाकीट फाटलं. समोर बाबांच्या मांडीवर पाच वर्षांची ठकू, तापानं फणफणलेली. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "रक्तात जंतू निघाले तर लगेच मोठ्या रुग्णालयात, एक तास घालवायचा नाही. नाही निघाले तर घरी न्या."

लॅबवाल्या दादानं तिचं बोट स्पिरिटनं पुसलं आणि सुई टोचली. ठकूनं भोकाड पसरलं. "झालं गं राणी, आता नाही दाबणार!" म्हणत त्यानं पहिलाच थेंब माझ्यावर सोडला.

तिथंच घात झाला. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, कारण त्यात बोटावरचं स्पिरिट उतरतं. दादाला हे पाठ होतं, पण पोरीचं रडणं त्याला बघवेना. माझे आकडे भराभर गळून पडले. रक्तात जंतू आहेत की नाहीत, मला काही कळेना. आणि दहा मिनिटांनी हिरवा दिवा लागला.

"सुटलो बुवा!" बाबांनी डोळे पुसले आणि ठकूला खांद्यावर घेतलं.

माझं धाबं दणाणलं. अहो थांबा, मला दिसतच नाहीये! पण सांगू कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते दाराशी पोहोचलेसुद्धा.

दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी ठकूच्या कपाळाला हात लावला आणि वळून विचारलं, "काय रे, पहिला थेंब पुसलास ना?"

दादानं हिरव्या दिव्याकडे पाहिलं. हो म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? माझा जीव टांगणीला लागला.

"नाही पुसला, सिस्टर. पोर रडत होती हो."

"मग रडू दे आणखी एकदा. बसा, बाबा."

दुसऱ्या पाकिटातला माझा भाऊ कामाला लागला. सहाव्या मिनिटाला लाल! अर्ध्या तासात गाडी निघाली. पुढचे कितीतरी दिवस दादा जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा.

आता मी त्याच्या टेबलावर चिकटपट्टीखाली आहे. धूळ बसते, कुणी पुसत नाही. मित्रांनो, आम्हाला जपून वापरा, पण आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. आपलं चुकलं हे आम्हाला सांगता येत नाही. ते माणसांनीच सांगायचं असतं.

परवा ठकू पुन्हा तपासणीला आली, स्वतःच्या पायांनी. खुर्चीत बसून तिनं बोट पुढं केलं आणि डोळे गच्च मिटले.

"दादा," ती म्हणाली, "मी रडले तरी पहिला पूस हं."