साडेआठची रेघ

बाबांच्या खिडकीत काचेचा एक भरीव गोळा आहे, मोठ्या संत्र्याएवढा. हवामान केंद्रात निरीक्षक म्हणून छत्तीस वर्षं काढल्यावर निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भंगारात निघालेला हा गोळा मागून आणला. गोळ्यामागे कागदाचं एक निळं कार्ड सरकवायचं. ऊन गोळ्यातून जातं आणि कार्डावर बारीक रेघ जाळत पुढे सरकतं. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी कार्ड काढलं की दिवस कसा गेला ते हातात येतं. त्या डिसेंबरातल्या दुपारी मी त्यांच्या खोलीत जमिनीवर बसले होते, जळक्या कागदाचा अगदी मंद वास येत होता, आणि मला रडावंसं वाटत होतं.

पाचला दादा येणार होता, बाबांना कायमचं आपल्या घरी न्यायला. आई गेल्यापासून दोन वर्षं बाबा एकटेच राहत होते, आणि चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या विसरण्याला नाव दिलं होतं. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. "फोनवर बाबा कायम मजेत असतात," तो म्हणायचा. "मागच्या महिन्यात पाय घसरून पडले, तासभर उठता येईना, तरी मला फोनवर म्हणाले मजेत आहे!" कॅमेऱ्याला बाबांचा सक्त विरोध. "लावा खुशाल, मी त्याला टोपी घालीन." आणि ही खिडकी सोडायची म्हटलं की त्यांचा चेहरा असा उतरायचा की पुढे बोलवत नसे. शेवटी दादाने मला मुदत दिली. बाबा उठले, चालले-फिरले हे रोज सकाळी त्यांना न विचारता कळेल असं काहीतरी पाचच्या आत करून दाखव, नाहीतर बॅग भर.

माझा धंदा नेटवर्क सांभाळायचा. बाबांच्या पलंगाखाली मीच कधीकाळी ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर लिनक्स चालतं आणि तो घराच्या इंटरनेटचा दरवान आहे, म्हणजे फायरवॉल. आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं त्याच्या नजरेखालून जातं. बाबा रोज सकाळी सातला खिडकीतला इंटरनेटवरचा रेडिओ लावतात, अर्धा तास ऐकतात, बंद करतात. यात आजवर खंड नाही. दरवानाला एक नजर ठेवणारं ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्रॅम, बसवलं की येण्याजाण्याचा आलेख निघेल, सातला त्यावर उंचवटा उठेल आणि तो मला माझ्या घरी, शंभर कोसांवर दिसेल. उंचवटा दिसला म्हणजे बाबा उठले, खिडकीपर्यंत गेले आणि त्यांनी बटण दाबलं. यंत्र काही दादाला मजेत आहे म्हणून सांगणार नाही.

ॲड-ऑन मी पेन ड्राइव्हवर आणलं होतं. पलंगाखालून कॉम्प्युटरचा डबा ओढला, बंद करून धूळ झटकली, पुन्हा चालू केला. आतला बटणसेल मेलेला होता, म्हणून डब्याला तारीखच आठवेना, तो वीस वर्षं मागे जाऊन बसला होता. मी हाताने तारीख घातली, ॲड-ऑन बसवलं, डब्याला जोडलेल्या जुन्या मॉनिटरच्या पडद्यावर आलेखाचं पान उघडलं. चौकट आली, खाली तासांचे आकडे आले. रेघ आली नाही.

"बाबा, रेडिओ लावा हो जरा."

"आत्ता? अडीच वाजता?" ते असं म्हणाले जणू मी अडीच वाजता दात घासायला सांगितलं. पण लावला. कुणीतरी बासरी वाजवत होतं. आलेख कोराच.

मग मी कामाला लागले. ॲड-ऑन चालू आहे का? आहे. डब्याला दोन नेटवर्क कार्डं, हिरवं घराकडचं, लाल बाहेरचं. चुकीच्या कार्डावर तर नजर ठेवत नाही ना? नाही, हिरव्यावरच आहे. रेडिओचा माल खरंच इथून जातोय का? जातोय, डोळ्यांसमोर धो धो वाहतोय. बंद करून पुन्हा चालू केलं. काढून टाकून पुन्हा बसवलं. मशीनला दोन शिव्या दिल्या, त्याही बाबा ऐकतायत हे विसरून. ऊन पलंगाच्या पायाशी आलं, पलंगावर चढलं. बासरी संपून कुणी बाई समुद्राबद्दल बोलू लागली. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि खोली हळूहळू कुठेतरी वाहत चालल्यासारखी वाटत होती, आम्हा दोघांना आणि डब्याला घेऊन. साडेतीन झाले. पावणेचार.

आधीच बघायला हवी होती ती डब्याची नोंदवही मी सर्वांत शेवटी उघडली. तिथे दर मिनिटाला एकच ओळ येऊन पडत होती, तासाभराच्या साठ-सत्तर ओळी, सगळ्या सारख्या. अर्थ साधा होता: आलेली नोंद आधीच्या नोंदीपेक्षा जुनी आहे, घेता येत नाही. पुढे त्या आधीच्या नोंदीची तारीख होती. दहा डिसेंबर. आजचीच. फक्त वर्ष पुढचं.

मी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. जानेवारीत सवयीने मागचं वर्ष लिहिणारे पुष्कळ असतात. डिसेंबरात पुढचं लिहिणारी मीच. ॲड-ऑनने आपली पहिली नोंद पुढच्या वर्षात करून टाकली. पुढच्याच मिनिटात डब्याने बाहेरच्या घड्याळाशी वेळ जुळवून घेतली आणि तो शहाण्यासारखा आजच्या दिवसात परतला. पण आलेखाच्या साठ्याने पुढचं वर्ष पाहिलं होतं. आता आजची कुठलीही गोष्ट त्याच्या लेखी शिळी होती. वर्षभर तो तसाच बसून राहिला असता.

"सापडलं वाटतं," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "शिव्या थांबल्या."

मी सांगितलं. ते एकदम ताठ बसले.

"म्हणजे आगाऊ नोंद!" त्यांच्या आवाजात जुनं ऑफिस होतं. "अगं, आमच्या केंद्रात उशीर माफ होता, आगाऊ नोंद माफ नव्हती. उद्याचं आकाश आज लिहिलं की उद्या कोण मान वर करून बघतो? मी एकदाच केली. तू झालीस त्या रात्री दवाखान्यात पळायचं होतं, म्हणून दुसऱ्या सकाळचा रकाना भरून गेलो. आकाश निरभ्र. आणि सकाळी बघतो तर असं गच्च भरलेलं! मला मेमो मिळाला आणि तुला नाव."

म्हणून मी ढगू. चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रडकी होते म्हणून नाव पडलं, असंच मी धरून चालले होते.

"पण पुढचंच वर्ष का घातलंस?"

"चुकून."

"डॉक्टर म्हणाले म्हणून ना?" ते शांतपणे म्हणाले. "'पुढच्या डिसेंबरात हे तुम्हाला ओळखतील याची खात्री देत नाही.' मीही त्याच खोलीत बसलो होतो, ढगू. माझ्याबद्दलच बोलत होते ते."

चार महिने मी बाबांना भेटत होते आणि त्यांचं एकही बोलणं धड ऐकत नव्हते. ते हसले की माझ्या मनात येई, हे शेवटचं असेल. मला नावाने हाक मारली की मी ती हाक जपून ठेवायला निघे आणि ओ द्यायची राहून जाई. बाबा समोर बसलेले असताना मला बाबांची आठवण यायची. हा वेडेपणाच होता, आणि मला त्याची लाज वाटली.

"मग आता उपाय काय?" त्यांनी विचारलं.

"त्यात एकच नोंद आहे आणि तीच खोटी आहे. साठा पुसायचा, आजपासून सुरू करायचं."

"मग पूस की. वाट कसली बघतेस?"

मी पुसलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाबा खुर्ची सोडून माझ्या शेजारी जमिनीवर बसायला निघाले, गुडघे कुरकुरले, तरी बसले. मग चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. समुद्रवाली बाई बोलत होती तशी रेघ वर चढत गेली. बाबांनी एकदा गोळ्यामागच्या कार्डाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"हे माझं ऊन," ते म्हणाले. मग बराच वेळ बघून, "आणि तुझं कुठंय?"

"माझं कशाला?"

"दोन केंद्रं असली की दोन्ही एकमेकांना नोंद पाठवतात. एकाने नुसती घ्यायची हा काय प्रकार? घटस्फोटानंतर तूही एकटीच राहतेस. तुला काय झालं तर मला कोण सांगणार, तुझा दादा?"

माझ्या घरीही असाच डबा आहे. मी इथूनच त्याच्यात शिरले, तेच ॲड-ऑन बसवलं, यावेळी तारीख दोनदा वाचून. रोज सकाळी मी कॉम्प्युटर लावला की त्याचा उंचवटा बाबांच्या खिडकीत ठेवलेल्या त्या जुन्या मॉनिटरवर उमटेल, असं केलं.

दादा पाचला पाच मिनिटं कमी असताना आला. गाडीची किल्ली बोटात फिरवत तो पडद्यासमोर उभा राहिला. बाबांनी रेडिओ बंद केला, रेघ खाली पडली. चालू केला, वर आली. असं त्यांनी चारदा केलं, जादूगाराच्या थाटात. दादा हसला नाही, पण त्याने किल्ली खिशात टाकली. "महिनाभर बघू," तो म्हणाला आणि चहा मागितला.

एका महिन्याचे बारा महिने झाले. सातचा उंचवटा रोज उठत राहिला. एक दिवस नाही उठला, तर दादा वीस मिनिटांत तिथे पोचला, आणि रेडिओची वायर निघालेली सापडली. माझ्यावर मात्र बाबांची पाळत कडक होती. "काल नऊला उगवलीस. ताप आहे का?" "लोक सातला उठतात, तू साडेआठला. उशिरा उगवणारी आमची मुलगी." मग हळूहळू त्यांचे फोन विरळ झाले. बोलताना ते शब्द शोधत थांबू लागले. मी उरलेले दिवस मोजत नव्हते. ते जे बोलत ते ऐकत होते.

दहा डिसेंबर आला. सातला त्यांचा उंचवटा दिसला. मी माझ्या वेळेला कॉम्प्युटर लावला आणि फोन फिरवला.

"बाबा, मी."

"कोण बोलतंय?"

आवाज सभ्य होता, परक्याशी बोलावा तसा. मी पुन्हा 'मी' एवढंच म्हणाले.

"थांबा हं जरा," ते म्हणाले. "बघून सांगतो." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चष्म्याची डबी उघडल्याचा आला.

"इथे एक रेघ आत्ताच वर आलीये. साडेआठची." ते थांबले. "ती तूच का गं?"

"हो बाबा. मीच."

"मग एवढा उशीर करतात का? मी सातपासून तुझी वाट बघतोय."